गंगाफळ, चॉकलेट आणि पाण्याचा हिशेब

लाडू, वड्या, उकडीचे मोदक, श्रीखंड ही सगळी ओव्हनशिवायचीच पक्वान्नं. त्यामुळे 'नो-बेक' हा शब्द नवा असला तरी काम खानदेशातल्या कुठल्याही घराला परकं नाही. तरीही मोबाइलवरची कृती समोर ठेवून गंगाफळाचे चॉकलेट लाडू करायला घेतले की पहिला घाणा बहुतेकदा बिघडतो. मिश्रण बोटांना चिकटून बसतं. वळलेला लाडू पाच मिनिटांत ताटात बसकण मारतो. वितळलेलं चॉकलेट अचानक रवाळ होऊन त्याचा गोळा होतो. आणि दोन दिवसांनी डबा उघडला की आंबूस वास. बिघाड चार दिसतात, पण चारही ठिकाणी पाणी नको तिथे राहिलेलं असतं.

गंगाफळ म्हणजे लाल भोपळा. त्याच्या कच्च्या गरात १०० ग्रॅममागे ९० ग्रॅमहून जास्त पाणीच असतं. चॉकलेटची गत उलटी. त्यात कोकोचे आणि साखरेचे अतिबारीक कण कोको बटर नावाच्या स्निग्धात बुडालेले असतात आणि पाणी जवळजवळ नसतं. एकाच्या अंगात पाणी मावत नाही, दुसऱ्याला पाण्याचा थेंब सोसत नाही. ओव्हन असता तर त्याने जास्तीचं पाणी उडवलं असतं आणि पीठ शिजवून पदार्थाला अंग दिलं असतं. ओव्हन नाही म्हटल्यावर पाणी कढईत आटवायचं, उरलेलं कोरड्या जिनसांना प्यायला द्यायचं, आणि घट्टपणा खजुराकडून, तुपाकडून, कोको बटरकडून किंवा चायना ग्रास या जेली धरणाऱ्या पुडीकडून मिळवायचा. पुढची प्रत्येक पायरी यापैकी कुठल्या तरी एका कामासाठी आहे, हे डोक्यात ठेवलं की कृतीत बदलही बेधडक करता येतो.

गर: निम्म्यावर येईपर्यंत

आठवडे बाजारात फोड घेताना जून, पिकलेलं गंगाफळ बघा. सालीत नख रुतायला नको, आकाराच्या मानाने फोड जड लागायला हवी आणि गर गडद केशरी हवा. बियांजवळचे धागे ओलसर असले तर चालतात. बुळबुळीत असतील तर फोड शिळी आहे. कोवळं, फिकट गंगाफळ भाजीला चांगलं, पण इथे त्याने कढईशी अर्धा तास जास्त झटापट होते. दुधी आणि कोहळ्यात तर पाणी याहूनही जास्त, त्यांचा इथे विचारच नको.

चिरल्यावर कच्च्या गराचा एक बारीक तुकडा जिभेवर ठेवून पाहा. कडू लागला तर थुंका आणि अख्खी फोड टाकून द्या. भोपळा, दुधी, काकडी या कुळात कधीकधी कुकरबिटासिन नावाचं कडू द्रव्य वाढतं. ते विषारी असतं आणि शिजवून जात नाही. खजूर-कोकोच्या गोडव्याखाली हा कडूपणा लपून जातो, म्हणून चव आधीच बघायची.

साधारण १ किलोच्या फोडीतून बिया, धागे आणि साल वजा जाता ७०० ग्रॅमच्या आसपास गर हाती येतो. गंगाफळ पाण्यात उकडू नका. आधीच पाण्याने भरलेल्या फळाला आणखी पाणी पाजायचं आणि मग ते आटवत बसायचं, यात गॅस आणि वेळ दोन्ही जातात. साल ठेवूनच मोठे तुकडे करा, साल खाली येईल असे ढोकळ्याच्या जाळीवर मांडा आणि १२ ते १५ मिनिटं वाफवा. कुकरमध्ये बंद डब्यात लावले तर २ शिट्ट्या पुरतात, पण डब्यात जमलेलं पाणी लगेच ओतून घ्या. ते टाकायची गरज नाही, कणकेत किंवा वरणात जातं. साल चमच्याने सुटते. मग तुकडे चाळणीत १५ मिनिटं निथळू द्या.

वाटायला मिक्सरपेक्षा पुरणयंत्र बरं. मिक्सर धागेसुद्धा वाटून मिश्रणात मिसळतो आणि हवाही भरतो; पुरणयंत्राच्या जाळीत धागे अडकतात आणि गर खव्यासारखा एकसारखा उतरतो. अखाजीला (अक्षय तृतीयेला) पुरण वाटून झाल्यावर यंत्र माळ्यावर गेलं असेल तर खाली काढण्याइतका फरक पडतो.

आता कढई. जाड बुडाची आणि पसरट हवी, कारण वाफ वरच्या पृष्ठभागावरून जाते. खोल पातेल्यात हेच काम दुप्पट वेळ घेतं. आच मध्यमहून कमी. आटवण्याआधी गराचं वजन करा, ही एक सवय लावून घेतली तर निम्मे बिघाड होतच नाहीत. ६०० ग्रॅम गर असेल तर तो ३०० ग्रॅमवर यायला हवा. पहिली दहा मिनिटं गर फुटफुट करत अंगावर उडतो, तेव्हा लांब दांड्याचं उलथणं घ्या. मग फुटफुटे जड होतात आणि आवाज खाली येतो. उलथण्याने कढईच्या मधोमध रेघ ओढून बघा. सुरुवातीला रेघ लगेच मिटते. गर तयार होत आला की रेघेतून कढईचा तळ दिसत राहतो आणि दोन्ही काठ दोन-तीन सेकंद जवळ येत नाहीत. रंग केशरीवरून विटकरीकडे झुकतो, आणि गर कढईची कड सोडून उलथण्यामागे फिरू लागतो. या टप्प्याला साधारण २० ते २५ मिनिटं लागतात.

गूळ किंवा साखर या वेळी घालायची नाही. गूळ विरघळून मिश्रण पुन्हा पातळ होतं, मग तळाशी करपतं, आणि पाणी किती उरलं याचा अंदाज कायमचा बिघडतो.

गर ताटात पसरून उघडाच गार करा. वर झाकण ठेवलं तर वाफेचे थेंब परत गरातच पडतात. एक आकडा इथे नोंदवून ठेवण्यासारखा आहे: ६०० ग्रॅम गरात पाण्याशिवायचा ऐवज ५० ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे ३०० ग्रॅमवर आटवल्यानंतरही त्यात सुमारे २५० ग्रॅम पाणी आहेच. दिसायला तो हलव्यासारखा घट्ट असला तरी टिकायला ताज्या भाजीसारखाच नाजूक असतो. लगेच लागत नसेल तर १२० ग्रॅमचे गोळे करून फ्रीजरमध्ये टाका.

लाडू

सुमारे २० लहान लाडवांसाठी आटवलेला गर १२० ग्रॅम, बिया काढलेला मऊ खजूर १२० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट १०० ग्रॅम, ज्वारीच्या लाह्यांचं पीठ ८० ग्रॅम, साधी कोको पावडर २० ग्रॅम, तूप १० ग्रॅम म्हणजे २ छोटे चमचे, आणि पाव छोटा चमचा मीठ. मीठ विसरू नका. ते नसलं की कोको नुसता कडवट लागतो आणि गंगाफळाचा भाजीसारखा वास पुढे येतो.

इंग्रजी कृतींमध्ये 'पम्पकिन स्पाइस' नावाचा मसाला सांगितलेला असतो. तो वेगळा विकत आणायची गरज नाही. त्यात मुख्यतः दालचिनी, सुंठ, जायफळ आणि लवंग असते. पाऊण छोटा चमचा दालचिनी पूड, पाव चमचा सुंठ, जायफळ किसणीवर तीन-चार वेळा घासून आणि एका लवंगेची पूड, एवढं या मापाला पुरतं. वेलची आवडत असेल तर घाला, पण ती कोकोवर चढते.

लाह्या मिळाल्या नाहीत तर ओट्स कोरडेच भाजून दळा, किंवा दादर ज्वारीचं पीठ मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत ८ ते १० मिनिटं भाजा. कच्चं पीठ मात्र घालू नका. परदेशी 'कुकी डो' बघून काही जण कच्चा मैदा किंवा कणीक तशीच मळतात. पीठ हा कच्चा माल आहे, त्यात जंतू असू शकतात, आणि इथे पुढे कुठेच ते शिजणार नाही. आपल्याकडे बेसनाचा लाडू असो की रव्याचा, पीठ आधी भाजण्याची रीत आहे, ती चवीसाठी आहेच आणि यासाठीही उपयोगी पडते. ओट्सचं तसं नाही, ते कारखान्यातच वाफवून चपटे केलेले असतात. भाजायचे ते खमंगपणासाठी.

शेंगदाणे निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा हिरवट डाग असलेले दाणे बाजूला काढून फेकाच. भुईमुगावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही. कूट करताना मिक्सर थांबवत-थांबवत फिरवा. सलग फिरवला तर तेल सुटतं आणि लाडू तुकतुकीत, ओशट होतो.

कामाचा क्रम महत्त्वाचा. तूप गरम करून गॅस बंद करा आणि त्यात कोको व मसाले घालून अर्धा मिनिट हलवा. कोकोचा वास स्निग्धात आणि उष्णतेत खुलतो, शिवाय गुठळ्या मोडतात. कोको कोरडाच मिश्रणात टाकला की लाडवात तपकिरी ठिपके राहतात आणि दाताखाली तो पिठूळ लागतो. दुसरीकडे गर पुन्हा कडक गरम करा, त्यात खजुराचे तुकडे दाबून १० मिनिटं झाकून ठेवा. इथे झाकण चालतं, कारण खजुराला मऊ व्हायला तीच ओल हवी आहे. खजूर पाण्यात भिजवणं हा या कृतीतला सगळ्यात महागडा आळस आहे; वीस मिनिटं कढईशी उभं राहून घालवलेलं पाणी पुन्हा आत येतं. मऊ झालेला खजूर आणि गर एकत्र वाटा, त्यात कोकोचं तूप, मीठ, कूट आणि शेवटी लाह्यांचं पीठ घाला.

आता मिश्रण सैल वाटेल. हात लावू नका. २० मिनिटं तसंच ठेवा, लाह्यांचं पीठ तेवढ्यात पाणी ओढून घेतं. घाईत आणखी पीठ घातलं तर तासाभराने लाडू कोरडे होऊन तडकतात. वीस मिनिटांनंतरही हाताला चिकटत असेल तर एकेक मोठा चमचा पीठ वाढवा. कोको वाढवू नका, तो कडवटपणाही आणतो. उलट मिश्रण फुटत असेल तर एक छोटा चमचा कोमट तूप किंवा आणखी एक खजूर. दूध किंवा पाण्याचा हबका मारायचा नाही. जळगाव, रावेर, यावलकडे घरात केळी असतातच, आणि खजुराऐवजी पिकलं केळं घालावंसं वाटतं. पण पिकल्या केळ्यातही तीन चतुर्थांश पाणी असतं. केळं घातलेला लाडू वळताना साथ देतो आणि दुसऱ्या दिवशी काळा पडून गळतो.

२० ते २२ ग्रॅमचे लाडू वळून ताटात मोकळे मांडा आणि फ्रीजमध्ये तासभर न झाकता ठेवा. वरचा थर सुकतो. चॉकलेटमध्ये बुडवायचे असतील तर हा कोरडा थर लागतोच. नुसते खायचे असतील तर कोकोत, कुटात किंवा भाजलेल्या किसलेल्या खोबऱ्यात घोळवा, काम संपलं. आमच्या मते घोळवलेला लाडू बुडवलेल्याहून चवीला कुठेच उणा नाही. पण चॉकलेटचं पातळ कवच कटकन मोडण्याची गंमत वेगळी, म्हणून पुढचं.

चॉकलेट का रुसतं

आधी पाकिटाची मागची बाजू वाचा. घटकांमध्ये कोको बटर असेल तर ते खरं चॉकलेट. कोको बटरऐवजी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल किंवा पाम कर्नल तेल लिहिलं असेल तर ते कम्पाउंड. कम्पाउंड स्वस्त पडतं, वितळवून सरळ वापरता येतं, पण जिभेवर मेणासारखा थर राहतो, आणि आरोग्यासाठी लाडू करताय तर तिथे ते घालण्यात अर्थ कमी. दोन्ही एकत्र वितळवू नका. दोन स्निग्धं एकमेकांत नीट बसत नाहीत आणि थर मऊ, डागाळ होतो. '७० टक्के' याचा अर्थ कोकोचा भाग आणि कोको बटर मिळून ७०. उरलेल्यात बहुतांश साखर. मिल्क चॉकलेटमध्ये साखर साधारण निम्मी भरते. ड्रिंकिंग चॉकलेटची पूड कोकोच्या जागी वापरलीत तर तिच्यात मुख्य घटक साखर असतो, आणि लाडवाचं सगळं गणित फिरतं.

वितळवताना पाण्याचा एक थेंब, ओला चमचा, झाकणावरून टपकलेली वाफ, एवढं चॉकलेट बिघडायला पुरतं. थोड्याशा पाण्याने साखरेचे कण ओले होतात, एकमेकांना चिकटतात, कोकोलाही धरतात, आणि पातळ चॉकलेटचा क्षणात रवाळ गोळा होतो. यावर उपाय ऐकायला उलटा वाटेल: आणखी गरम पाणी किंवा दूध घाला. ५० ग्रॅम चॉकलेटला किमान एक मोठा चमचा घालून घोटलं की ते पुन्हा गुळगुळीत होतं, कारण आता सगळे कण नीट भिजण्याइतकं पाणी मिळालेलं असतं. मात्र त्याचा कडक थर कधीच धरणार नाही. ते लाडवावर सोडायला किंवा पोळीला लावायला वापरा.

पातेल्यात बोटभर पाणी उकळा, गॅस बंद करा, त्यावर कोरडा वाडगा असा बसवा की त्याचं बूड पाण्याला टेकणार नाही. वाडग्यावर झाकण नको. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या शक्तीवर २०-२० सेकंद, मधे-मधे ढवळत. सलग दोन मिनिटं लावलं तर मधला भाग जळतो आणि वरून तो अखंडच दिसतो.

चकाकी आणि कटकन मोडणं हे तापमानावर ठरतं. कोको बटर गोठताना सहा प्रकारचे स्फटिक बनवू शकतं, आणि त्यातला एकच प्रकार आपल्याला हवा असतो. तो सुमारे ३४ अंशांना वितळतो. म्हणजे खोलीत टिकतो आणि तोंडात विरघळतो. तो मिळवायचा तर दोनतृतीयांश चॉकलेट ४५ ते ४८ अंशांपर्यंत वितळवा, खाली उतरवून उरलेला एकतृतीयांश बारीक चिरून त्यात टाका आणि ३१-३२ अंशांवर येईपर्यंत ढवळत राहा. न वितळलेल्या तुकड्यांतले चांगले स्फटिक बाकीच्यांना वळण लावतात, दह्याला विरजण लावावं तसं. तापमापक नसेल तर खालच्या ओठाला थेंब लावा, जरासा गार लागायला हवा. सुरीचं टोक बुडवून बाहेर ठेवा. थंड खोलीत पाचेक मिनिटांत त्यावर चकाकता थर धरला तर जमलं.

थंड खोलीत, हे शब्द महत्त्वाचे. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा हे काम जवळजवळ आपोआप होतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला बाहेर ४४-४५ अंश असतात आणि स्वयंपाकघरात ३६-३८. ३४ अंशांना वितळणारी वस्तू ३७ अंशांच्या खोलीत घट्ट कशी होणार? त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. खोबरेल तेलावर उभ्या असलेल्या परदेशी कृतींचंही इथे हेच होतं. खोबरेल २४-२५ अंशांनाच पातळ होतं, आणि 'फ्रीजमधून काढून ताटात मांडा' म्हटलेली वडी पाहुण्यांसमोर तेल सोडते.

उन्हाळ्यात बुडवलेले लाडू करायचेच असतील तर पहाटे करा, थर फ्रीजमध्येच बसवा आणि थेट फ्रीजमधून खायला द्या. चकाकी कमी येईल, दोन-तीन दिवसांनी वर पांढुरका पट्टा दिसेल. तो बुरशीचा नसतो, कोको बटर वर येऊन गोठलेलं असतं. खायला हरकत नाही. बोट फिरवल्यावर खरखरीत लागणारा पांढरेपणा वेगळा: फ्रीजमधून काढलेल्या लाडवावर हवेतली वाफ थेंब होऊन बसते, साखर विरघळते आणि सुकल्यावर तिचे कण वर राहतात. पावसाळ्यात हा प्रकार जास्त. डबा बंदच ठेवून पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या, मग उघडा, म्हणजे थेंब डब्यावर बसतील.

१०० ग्रॅम चॉकलेट २० लाडवांना पुरून थोडं उरतं. लाडू फ्रीजरमध्ये दगड करून बुडवू नका. गारठलेला लाडू नंतर प्रसरण पावतो आणि वरचा थर तडकतो. फ्रीजमधून काढून दहा मिनिटांनी बुडवा, काट्यावर उचला, वाडग्याच्या कडेला दोनदा आपटा.

मे महिन्यासाठी: चायना ग्रास आणि ऊन

उन्हाळ्यात कोको बटरशी भांडण्यापेक्षा घट्टपणाचं काम दुसऱ्याला द्यावं. समुद्री शेवाळापासून बनणारा चायना ग्रास ३५-४० अंशांच्या आसपास घट्ट होतो आणि पुन्हा वितळायला त्याला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. खानदेशातलं कुठलंही स्वयंपाकघर ८५ अंशांच्या खूप खाली असतं, म्हणून एकदा धरलेली वडी वितळत नाही. जिलेटिन इथे कामाचं नाही. ते तिशीतच ढिलं होतं, आणि ते प्राणिजन्य असल्यामुळे अनेक घरांत चालतही नाही.

चायना ग्रासची पूड २ सपाट छोटे चमचे २०० मिली पाण्यात १० मिनिटं भिजवा. ढवळत उकळी आणा आणि पुढे २-३ मिनिटं उकळू द्या. पूड पूर्ण विरघळली नाही तर वडी धरत नाही. त्यात ६० ग्रॅम गूळ विरघळवून गाळून घ्या. आता वाफवून वाटलेला, न आटवलेला ३०० ग्रॅम गर, पण गरम केलेला. गार गर ओतला की चायना ग्रास भांड्यातच धागे धरतो आणि मिश्रण दाणेदार होतं. हीच चूक बहुतेकांची होते. यात दूध घालत नाही, कारण गुळासोबत उकळताना ते फाटतं.

मिश्रणाचे दोन भाग करा. एकात १५ ग्रॅम कोको थोड्या गरम पाण्यात कालवून घाला, दुसऱ्यात जायफळ आणि चिमूटभर मीठ. तुपाचा हात लावलेल्या ताटात केशरी भाग ओता. त्यावर साय धरेल, बोट लावल्यावर चिकट लागेल, तेवढ्यात कोकोचा भाग, जो मंद आचेवर गरम ठेवलेला असेल, चमच्याच्या पाठीवरून सोडा. खालचा थर पूर्ण गार होऊ दिला तर कापताना दोन्ही थर एकमेकांवरून घसरतात. तासाभरात १६ वड्या पडतात. दुसऱ्या दिवशी ताटात थोडं पाणी सुटतं, ते साहजिक आहे. फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नका, बाहेर काढल्यावर वडी स्पंजासारखी होते.

आणि जे ऊन चॉकलेटला मारतं, ते गंगाफळाचं काम फुकटात करून देतं. पापड-कुरडयांच्या दिवसांत गंगाफळाच्या ३-४ मिलीमीटर जाडीच्या चकत्या करून २-३ मिनिटं वाफवा, म्हणजे वाळताना रंग टिकतो. पांढऱ्या पातळ कापडावर पसरा, वरूनही तसंच कापड घाला. उघड्या उन्हात केशरी रंग आणि त्यातलं कॅरोटीन दोन्ही उतरतात, शिवाय धूळ. कडक उन्हात दोन-तीन दिवसांत चकती गार झाल्यावर काडकन मोडते. वाकली तर अजून एक दिवस. १ किलो गरातून फार तर ९० ग्रॅमच्या आसपास वाळलेला माल हाती येतो. त्याची पूड कोरड्या बरणीत भरा. ३० ग्रॅम पूड, १५० ग्रॅम खजूर, १०० ग्रॅम कूट, २० ग्रॅम कोको आणि २०-२५ ग्रॅम तूप घेतलं तर ओल्या गराशिवाय लाडू वळतो. तो कमी ओलसर, जास्त खुसखुशीत असतो, आणि शाळेच्या डब्यात किंवा एसटीच्या प्रवासात पाठवायचा तो हाच.

'हेल्दी' म्हणजे किती

ओल्या गराचा एक लाडू सुमारे ७० कॅलरींचा, चॉकलेट चढवलं की ९० ते ९५. त्यातल्या निम्म्याहून कमी शेंगदाण्यांच्या आणि जवळपास एक चतुर्थांश खजुराच्या. गंगाफळाच्या वाट्याला तीन-चार कॅलरी येतात. म्हणजे 'गंगाफळाचे आहेत' म्हणून आठ लाडू खाल्ले तर ते शेंगदाणे-खजुराचेच आठ लाडू झाले. गंगाफळाचं खरं देणं म्हणजे ओलावा आणि बीटा कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. ते स्निग्धासोबत शोषलं जातं आणि तेवढं स्निग्ध या लाडवात आहेच. चायना ग्रासची वडी जेमतेम २०-२२ कॅलरींची. वजनावर डोळा असेल तर निवड सोपी आहे.

गुळाबद्दल मात्र गैरसमज घट्ट आहे. गूळ बहुतांशी साखरच आहे आणि रक्तात तसाच वागतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की वरून घातलेली साखर, मध, सरबतं हे सगळं मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावं, जमल्यास ५ टक्क्यांच्या. २००० कॅलरींच्या आहारात याचे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. अख्ख्या खजुरात तंतू असतात, म्हणून तो बरा, पण एका लाडवात खजुराची सुमारे ४ ग्रॅम साखर असतेच. मधुमेह असलेल्यांनी लाडू मोजूनच खावेत. चिकटपणासाठी मध वापरत असाल तर वर्षाच्या आतल्या बाळाला तो द्यायचा नाही. आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी कुटाऐवजी भाजलेल्या तिळाचा कूट घ्या, अर्थात तीळ चालत असतील तर.

ठेवणं

ओल्या गराचे लाडू आणि चायना ग्रासच्या वड्या फ्रीजमध्ये बंद डब्यात चार दिवस. लाडू फ्रीजरमध्ये दोन महिने चांगले राहतात. गोठल्यावर पिशवीत भरा, आधी भरले तर एकमेकांना चिकटतात. खोलीचं तापमान ३२ अंशांपुढे असेल तर बाहेर एका तासापेक्षा जास्त ठेवू नका, हिवाळ्यात दोन तास. लोडशेडिंगमध्ये फ्रीजचं दार उघडलं नाही तर चारेक तास आतला गारवा टिकतो. त्याहून जास्त वेळ वीज गेली असेल तर आंबूस वास येत नसला तरी चव घेऊन बघायच्या भानगडीत न पडता लाडू टाकून द्या. उन्हात वाळवलेल्या पुडीचे लाडू बरणीत आठवडाभर बाहेर राहतात, फक्त त्यांना चॉकलेटमध्ये बुडवू नका. कोकोत घोळवा.